एकट्याने घाट चढायचा म्हणजे

नकाशेभाऊंनी सकाळचा चहा घेता घेता सहज सांगितलं, की येत्या शुक्रवारी मी मोटरसायकल काढून घाटात जाऊन येणार आहे, एकटाच. यातल्या मोटरसायकलला कोणी हरकत घेतली नाही, घाटालाही नाही. 'एकटाच' म्हटल्यावर मात्र सूनबाईंनी हातातला कप खाली ठेवला, चिरंजीवांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं (हे वर्षातून एखाद-दोनदा होतं), आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, मागे न वळताच विचारलं, "कोणी काही बोललं का तुम्हाला?"

कोणी काही बोललं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. बोललं असतं तर रुसून जाता आलं असतं. रुसून एकट्या निघालेल्या माणसाला घरात मान असतो, चार माणसं त्याच्या मागे जातात, समजूत काढतात, वाजतगाजत परत आणतात. पण पोटभर नाश्ता करून, हसतमुखाने एकटा जाणारा माणूस म्हणजे संशयाला जागा. त्याला एक तर आजार असणार, नाहीतर त्याची भानगड असणार. भाऊंच्या चेहऱ्याकडे एकदा नजर टाकून घरच्यांनी भानगडीची शक्यता लगेच सोडून दिली. भाऊंना तेही जरासं लागलंच.

आता भाऊंना घाटातच का जायचं होतं, ते सांगायला हवं. भाऊ रस्ते खात्यात नकाशे काढायच्या विभागात. म्हणून तर अख्खी बिल्डिंग त्यांना नकाशेभाऊ म्हणायची, लहान पोरंसुद्धा. नोकरीला लागले तेव्हा त्या घाटाचा नवा रस्ता व्हायचा होता, आणि त्याचे नकाशे भाऊंच्या टेबलावर आले होते. डोंगराच्या कडेकडेने जाणारी ती वळणं त्यांनी एकेक करून शाईने काढली. शेवटच्या कागदावर सगळ्यात मोठं वळण होतं, आणि त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला कागदच संपत होता. मोजणीही तिथेच संपत होती. पलीकडे काय आहे, असं भाऊंनी साहेबांना विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, पलीकडे आपली हद्द नाही. हे उत्तर खात्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. भाऊंच्या मनातून मात्र ते वळण कधी गेलं नाही. टेबलावर दुसरे रस्ते आले, पूल आले, कागद जाऊन कॉम्प्युटर आले, आणि हे आपले दुपारच्या वेळी पेन्सिलीने कोऱ्या कागदावर तेच वळण काढून त्याच्या बाहेर बघत बसायचे.

तुम्ही म्हणाल, मग इतक्या वर्षांत गेले का नाहीत? गेले होते. थोरली बहीण, अक्का, घाटाच्या वरच्या गावात दिलेली, म्हणजे जाणं-येणं होतंच. पण ते बसने आणि सहकुटुंब. आणि नेमकं ते मोठं वळण आलं की घरातल्या कोणाला तरी हटकून उलटी व्हायची. पिशवी धरायचं काम कायमचं भाऊंकडे. खिडकीबाहेर दरी, खिडकीत चिरंजीव किंवा चिरंजीवांची आई, आणि खाली मान घालून पिशवीत बघणारे भाऊ. डोंगर ओलांडून गेल्यावर सगळ्यांना हुशारी यायची आणि सगळे म्हणायचे, काय सुंदर देखावा होता.

शिवाय खरं सांगायचं तर नुसतं वळण बघायचं नव्हतं. भाऊंना एकट्याने बसायचं होतं. दोन खोल्यांचं घर, त्यात दोन जोडपी आणि एक नातू. बाथरूमला कडी लावली तरी बाहेरून आवाज यायचा, "आजोबा, आत काय करताय?" हे काय सांगायचं असतं का कोणाला? ऑफिसात टेबल चौघांत एक. बसस्टॉपवरसुद्धा कोणीतरी ओळखीचं भेटून प्रमोशनचं विचारायचं. आयुष्यभर आपण एकदाही, कोणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी, हात मांडीवर ठेवून बसलो नाही, हे एके दिवशी भाऊंच्या लक्षात आलं. एवढंच. यात भानगड नव्हती आणि आजारही नव्हता. पण घरात हे बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण बोललं की सगळे म्हणणार, म्हणजे आमचा कंटाळा आला का?

तर मोटरसायकल. ती जिन्याखाली होती. तिथे मोटरसायकल आहे हे बिल्डिंगमधल्या नव्या भाडेकरूंना माहीतच नव्हतं. त्यांच्या मते ती केरसुण्या, ओल्या छत्र्या आणि जुनी रद्दी ठेवायची एक सोयीस्कर मांडणी होती. भाऊंनी ती रद्दी हलवली तेव्हा दोन घरांत वाद झाला. मेकॅनिकने गाडी सुरू करून दिली आणि वर, काका, आता कशाला, असं विचारून घेतलं. लायसन्सचं नूतनीकरण करायला गेले तर खिडकीपलीकडच्या बाईंनी जुन्या फोटोकडे बघितलं, भाऊंकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं आणि विचारलं, "हे कोण?" फोटोत केस होते. भाऊंनी आपण तेच आहोत हे पटवायला ओळखीची दोन माणसं उभी करावीत असं ठरलं. त्या दोन माणसांनीही फोटो नीट बघून मग जरा विचार केला, ही गोष्ट भाऊ विसरायला तयार नाहीत.

रजेचं तर विचारूच नका. रजेचं कारण 'खासगी' असं लिहिलेलं बघून साहेबांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. ठीक आहे म्हटल्यावर ते आणखी गंभीर झाले. शेवटी त्यांनी स्वतःच मार्ग काढला, घाटात जाताच आहात तर कठड्यांचे फोटो काढून आणा, म्हणजे कारणाला वजन येईल. भाऊंची सहल अशी अर्धी सरकारी झाली.

उरलेली अर्धी बिल्डिंगने वाटून घेतली. कोणी कुठे निघालं की त्याच्या हाती वस्तू धाडायची, ही तिथली जुनी शिस्त. खालच्या मजल्यावर बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ राहायचे. त्यांचा मेहुणा भाऊंच्या अक्काच्याच गावात. त्याच्यासाठी त्यांनी ठोके देणारं भिंतीवरचं घड्याळ आणून दिलं, आणि ते आडवं ठेवू नका म्हणून बजावलं. वरच्या मजल्यावरच्या इन्शुरन्सवाल्यांनी आपल्या मावशींच्या गुडघ्याचे एक्स-रे तिथल्या हाडवैद्याला दाखवायला गुंडाळी करून दिले. वहिनींनी अक्कासाठी कुंडीतलं रोप दिलं. भाऊ अक्काकडे मुक्काम करणार हे भाऊंना न विचारताच ठरलं होतं. मागच्या सीटवर सामान बांधून झालं तेव्हा गाडीवर कोणाला बसवायचं म्हटलं तरी जागा नव्हती, एवढं एक समाधान.

बोचकं झालं, आता दोरी. चिरंजीवांनी भाऊंच्या मोबाइलमध्ये अशी सोय करून ठेवली की भाऊ जिथे जातील तिथे त्यांचा निळा ठिपका घरच्यांना आपापल्या मोबाइलवर दिसेल. घरच्यांना म्हणजे मॅनेजरांना आणि इन्शुरन्सवाल्यांनाही, कारण ते काय परके आहेत का? मोबाइल बंद करायचा नाही. बंद झाला आणि लवकर सुरू झाला नाही, तर मॅनेजर पोलिसांना कळवणार. हे सगळं प्रेमापोटी चाललं होतं. प्रेमाविरुद्ध माणसाला तक्रार कुठे करता येते?

निघताना वहिनी दारात उभ्या होत्या. बाकीचे सूचना देत होते. वहिनींनी हेल्मेटचा पट्टा तेवढा ओढून बघितला आणि आत गेल्या. जाताना त्यांनी मोटरसायकलकडे एकदा बघितलं, ते भाऊंना नंतर आठवलं. तेव्हा वाटलं की रोप नीट बांधलंय का ते बघताहेत.

घाट लागला आणि भाऊ सगळं विसरले. वळण समोर यायच्या आधी हाताला कळत होतं. इथे डावीकडे, आता लांबट, आता अंगावर येणारं. एके काळी मनगट कागदावर असंच वळलं होतं, आता सगळी गाडी वळत होती, गाडीबरोबर भाऊ वळत होते, आणि मागे प्रत्येक वळणाला मॅनेजरांचं घड्याळ ठोके देत होतं. भाऊ मोठ्याने हसले. आपण एकटे मोठ्याने हसू शकतो आणि कोणी 'काय झालं' असं विचारत नाही, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की ते पुन्हा एकदा हसले.

मोठं वळण आलं. भाऊंनी गाडी कडेला लावली, घड्याळातला सेल काढला, कठड्याचा एक फोटो सरकारसाठी घेतला आणि पाय दरीकडे सोडून कठड्यावर बसले. समोर कागद संपायचा ती जागा होती. पलीकडे दरी उतरत गेली होती, तळाशी बारीक पाणी होतं, पाण्याच्या काठाला एक एकटं घर आणि घरासमोर दोरीवर वाळत घातलेले कपडे. म्हणजे त्या पलीकडेही कोणाचं तरी धुणं होतंच. वारा सुटला की ते कपडे हलायचे, एवढ्या लांबून त्यांचा आवाज यायचा नाही. भाऊ त्या कपड्यांकडे बघतच राहिले. काय म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मोबाइल वाजला. चिरंजीव होते. बाबा, तुमचा ठिपका थांबलाय. भाऊ म्हणाले, मी थांबलोय म्हणून. तो ठेवतात तोच मॅनेजर. पेट्रोल संपलं का? मग इन्शुरन्सवाले. छातीत काही होतंय का, डाव्या बाजूला? मग अक्का वरच्या गावातून. मी जेवायची थांबलेय. मग पुन्हा चिरंजीव, ठिपका अजून तिथेच कसा. भाऊ प्रत्येक वेळी कठड्यावरून पाय इकडे घ्यायचे, बोलायचे, पुन्हा पाय तिकडे सोडायचे. दर वेळी ते घर आणि ते कपडे पहिल्यापासून शोधावे लागायचे.

एवढ्यात वर जाणारी बस वळणावर येऊन थांबली. कोणाला तरी उलटी होत होती. भाऊंना मनापासून आनंद झाला, कारण या वेळी पिशवी दुसऱ्या कोणाच्या हातात होती. आणि त्या आनंदात त्यांना ती युक्ती सुचली. घरच्यांना काळजी ठिपक्याची ना? मग ठिपका चालता राहिला म्हणजे झालं. त्यांनी कंडक्टरला गाठलं, घड्याळ, एक्स-रे आणि रोप त्याच्या ताब्यात दिलं, अक्काला स्टँडवर निरोप द्यायला सांगितलं, आणि मोबाइलही त्याच्या खिशात घातला. तो अक्काकडेच द्या, संध्याकाळी मी घेईन. कंडक्टर म्हणाला, चला ना, चहा घेऊ या पुढे. भाऊंनी हात जोडले. मला आता काही नको, म्हणाले, मी इथेच बसतो.

ठिपका झकास चालू लागला. घरी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मॅनेजर तर म्हणाले, बघा, नीट वेग धरलाय आता, हाताला सवय झाली. ठिपका वरच्या गावात पोचला, स्टँडवर थांबला, आणि थोड्याच वेळात अक्काचा फोन आला. ती रडत होती. भाऊ आला नव्हता. कंडक्टरने तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं, त्यात त्या बिचाऱ्याने एक अक्षरही पदरचं घातलं नव्हतं. तुमचे भाऊ मोठ्या वळणावर कठड्यावर बसलेत, दरीकडे पाय सोडून. जवळचं सगळं वाटून टाकलं, मोबाइलसुद्धा. चहा विचारला तर हात जोडले, म्हणाले, मला आता काही नको.

पुढचं काय सांगावं. मॅनेजरांनी गाडी काढली.

इकडे भाऊ बसले होते. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नाही आणि मोजायला आता घड्याळही नव्हतं. सुरुवातीला सवयीने कान मागे लागायचे, आता कोणी हाक मारेल म्हणून. मग कान शांत झाले. मग लहानपणचं काहीबाही आठवलं, मग तेही थांबलं. खालच्या घरातून एक बाई बाहेर आली, तिने कपडे काढले, खांद्यावर टाकले आणि आत गेली. नुसती दोरी राहिली. भाऊंना वाटलं, आपल्याला हेच हवं होतं, आणि हे इतकंसंच होतं, तर मागायला इतकी वर्षं का लागली.

मग खालच्या वळणांवरून एक गाडी वर येताना दिसली. दिसायची, डोंगराआड जायची, पुन्हा दिसायची. भाऊंनी ती ओळखली. बिल्डिंगसमोर रोज उभी असलेली गाडी माणूस घाटात ओळखणार नाही का? पळून जायला वेळ होता, पण आपण का पळावं, असा त्यांचा स्वाभिमान आड आला. ते बसून राहिले, आणि तेच चुकलं. गाडीतून उतरणाऱ्यांना कठड्यावर पाठमोरा बसलेला माणूस दिसला, आणि चिरंजीवांनी मागून येऊन वडिलांना असा विळखा घातला की भाऊ खरोखरच दरीत जायचे ते थोडक्यात वाचले.

त्यानंतर रस्त्यावर जे भाषण झालं त्याला अंत नव्हता. मॅनेजर आयुष्य किती मोलाचं आहे ते समजावत होते. इन्शुरन्सवाले गाडीत बसूनही हेल्मेट घालून आले होते, घाटात दरडी पडतात म्हणून, आणि ते हेल्मेटच्या आतून सांगत होते की अशा प्रकारात पैसे मिळत नाहीत. चिरंजीव रडत होते, बाबा, आमचं काय चुकलं. भाऊ परोपरीने सांगत होते, अरे, मी नुसता बसलो होतो. नुसता? हो, नुसता. कशासाठी? बसायला. यावर कोणाचाच विश्वास बसेना. मोटरसायकल काढून, रजा टाकून, एवढा घाट चढून माणूस नुसता बसायला येतो, हे कोणाच्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं. भाऊंना इतकं अपमानित फोटोच्या वेळीही वाटलं नव्हतं. जीव द्यायला आलो होतो असं कबूल केलं असतं तर मंडळी एका क्षणात गप्प झाली असती.

वहिनी या सगळ्यात गाडीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते, येताना रडल्या असणार. पण त्या भाऊंकडे बघत नव्हत्या. त्या कठड्यापलीकडे बघत होत्या. मग त्या चालत आल्या आणि चिरंजीवांना म्हणाल्या, "मागच्या वळणावर चहाची टपरी आहे. सगळे तिथे जाऊन बसा."

सगळे समजुतीने निघाले. नवरा-बायकोचं बोलणं व्हायला हवं, मॅनेजर हलक्या आवाजात म्हणाले. भाऊंनी हाताने कठड्यावरची धूळ झटकली, शेजारी जागा केली, आणि मनात वाक्यं जुळवायला लागले. तुझा कंटाळा आला असं नाही गं, इथून सुरुवात करावी असं त्यांनी ठरवलं.

वहिनी बसल्या. पाय दरीकडे सोडले. आणि म्हणाल्या, "तुम्हीही जा."

"मी?"

"हो. हाक मारू नका आणि कोणाला मारू देऊ नका." मग समोर बघतच म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी एकटी कुठे बसलेली तुम्हाला आठवते?"

भाऊंनी आठवून बघितलं. ते बराच वेळ आठवत राहिले, कारण कुठेतरी सापडेल अशी त्यांना आशा होती. ऑफिसला जाताना निदान ते रस्त्याने एकटे चालत होते. बाथरूमच्या दारावर त्यांना हाका यायच्या, पण त्या हाकांमध्ये नाश्ता तयार असल्याची एक हाक वहिनींची असायची. ओट्यापाशी पाठमोरी उभी असलेली बायको त्यांना आठवली, दारात आठवली, बसच्या खिडकीत तोंडाला पिशवी लावलेली आठवली. बसलेली आठवली नाही. त्यांनी गाडीचा स्टँड काढला आणि इंजिन सुरू न करता, आवाज होऊ नये म्हणून, ती ढकलत उतारावरून खाली नेली.

टपरीवर सगळ्यांनी त्यांना घेरलं. वहिनी एकट्याच? काय करतायत? भाऊ म्हणाले, बसल्यात. नुसत्या? नुसत्या. मॅनेजरांनी चिरंजीवांकडे बघितलं, इन्शुरन्सवाल्यांनी हेल्मेटची काच वर केली, आणि तिघेही एकदम उठले. तेव्हा भाऊ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आवाज चढवला. "एकानेही वळण ओलांडायचं नाही," म्हणाले, "हाकसुद्धा मारायची नाही."

कोणी ओलांडलं नाही. चहा झाले, पुन्हा चहा झाले. ऊन कलायला लागलं. भाऊ उभेच होते. वळणाआड ती काय बघत असेल, याचा ते विचार करत होते. घर दिसलं असेल का तिला, का तिची नजर वर डोंगराकडे गेली असेल? मघाशी पोटभर बघून घेतलेली ती जागा त्यांना पुन्हा बघावीशी वाटत होती, तिच्या डोळ्यांनी. आणि ते काही जमणार नव्हतं.

वहिनी चालत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. त्यांनी कोणालाच काही विचारू दिलं नाही. इन्शुरन्सवाल्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट मागून घेतलं, घातलं, आणि गाडीचं दार उघडून धरलेल्या चिरंजीवांना म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी यांच्या मागे बसते. अक्काला फोन करून सांगा, आज येत नाही.

घाट उतरताना भाऊंच्या जिभेवर एकच प्रश्न होता. काय दिसलं? प्रत्येक वळणाला तो ओठांपर्यंत यायचा आणि भाऊ तो गिळायचे. घाट बराच उतरल्यावर मागून खांद्यावर हात पडला आणि कानाशी वहिनी बोलल्या.

"पुढच्या महिन्यात मी येणार आहे. बसने, एकटी. तुम्ही घरी थांबा, आणि फोन करू नका."

"बरं," भाऊ म्हणाले, आणि पुढच्या वळणासाठी त्यांनी गाडी हळू केली.